मुंबईच्या उकाड्यात बर्बन: मिसळायला कोणती, चवीने प्यायला कोणती?

पार्लेकर

मंडळी, व्हिस्कीवर मराठीत जे काही वाचायला मिळते ते बहुतेक सगळे महाबळेश्वरच्या थंडीत बसून लिहिल्यासारखे वाटते. एप्रिल-मेच्या मुंबईत पारा ३३-३४ अंशांवर असतो, पण खरा छळ दमटपणाचा असतो. घाम वाळत नाही, ग्लासाला बाहेरून पाणी सुटते आणि बर्फ बघता बघता विरघळतो. अशा हवेत कोणती बर्बन, म्हणजे मुख्यतः मक्यापासून बनणारी अमेरिकी व्हिस्की, घ्यावी, कशात मिसळावी आणि कोणती नुसती चवीचवीने प्यावी, यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढतो आहे.

माझे मत आधीच मांडतो. बाटली निवडताना आपण सर्वांत आधी वय आणि किंमत पाहतो, आणि उन्हाळ्यात नेमक्या याच दोन गोष्टी सर्वांत कमी उपयोगी पडतात. आधी अल्कोहोलची टक्केवारी पाहावी, मग धान्य पाहावे, आणि वयाकडे शेवटी वळावे.

थोडी पार्श्वभूमी देतो. अमेरिकी कायद्यानुसार बर्बनच्या धान्यात किमान ५१ टक्के मका असावा लागतो, ती आतून जाळून कोळसलेल्या नव्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते, पिंपात भरताना तिची ताकद ६२.५ टक्क्यांहून जास्त चालत नाही आणि बाटलीत ती ४० टक्क्यांच्या खाली उतरत नाही. वरून रंग किंवा स्वाद घालायला मनाई आहे. ती केंटकीतच बनली पाहिजे असा अनेकांचा समज असतो, पण अमेरिकेत कुठेही बनली तरी चालते. म्हणजे ग्लासात जो तांबूस रंग दिसतो आणि व्हॅनिलाचा, करपवलेल्या साखरेचा जो वास येतो, तो लाकडातून आलेला असतो.

आता टक्केवारीकडे येऊ. गारठ्याने जिभेला गोडवा कमी जाणवतो आणि वासही दबतो. त्यात वितळणाऱ्या बर्फाचे पाणी भर घालते. ४० टक्क्यांची बर्बन ६० मिलि घेतली, लिंबाचा रस आणि साखरेचा पाक मिळून ४० मिलि घातले आणि बर्फासोबत खळखळून हलवले, तर साधारण ३० मिलि पाणी त्यात शिरते आणि पेयाची ताकद १८ टक्क्यांच्या आसपास येते. हेच ५० टक्क्यांच्या बर्बनने केले तर ती २३ च्या घरात राहते. हा फरक नशेचा नाही, चवीचा आहे. पहिल्या ग्लासात दहा मिनिटांनी लिंबूपाणी उरते, दुसऱ्यात लाकडाची आणि मक्याची चव शेवटच्या घोटापर्यंत टिकते. म्हणून मिसळायची बाटली ४५ ते ५० टक्क्यांची असावी असा माझा आग्रह आहे. लेबलवर ‘बॉटल्ड इन बाँड’ असे लिहिलेली बाटली मिळाली तर डोळे मिटून घ्यावी, कारण १८९७ च्या अमेरिकी कायद्याने अशी व्हिस्की एकाच भट्टीतली, एकाच हंगामातली, किमान ४ वर्षे मुरलेली आणि बरोबर ५० टक्क्यांची असावी लागते.

लेबल वाचताना एक सावधगिरी बाळगावी. अमेरिकी बाटलीवरचा प्रूफचा आकडा टक्क्यांच्या दुप्पट असतो, त्यामुळे १०० प्रूफ म्हणजे ५० टक्के. आपल्याकडच्या बाटल्यांवर मात्र ४२.८ टक्क्यांना ७५ अंश प्रूफ म्हणतात, कारण तो हिशेब जुन्या ब्रिटिश पद्धतीचा आहे. प्रूफ सोडून द्यावे आणि थेट टक्के वाचावेत.

धान्याचे असे आहे की मक्यानंतरचे दुसरे धान्य राय (गव्हासारखेच एक धान्य) असेल तर चवीला मिरीसारखा तिखटपणा येतो, आणि गहू असेल तर मऊपणा येतो. बुलेट नावाच्या बर्बनमध्ये रायचा वाटा बराच मोठा, २८ टक्के असतो. मेकर्स मार्क या बर्बनमध्ये रायऐवजी गहू असतो. दोन्ही ४५ टक्क्यांच्या आहेत. लिंबाशी झुंजायला राय हवी, पुदिन्याबरोबर किंवा नुसती प्यायला गहू बरा. वयाबद्दल एवढेच सांगतो की बर्बन नव्या लाकडात मुरते, त्यामुळे ती लवकर पिकते आणि फार वर्षे राहिली तर तुरट होते. गारठ्यात गोडवा दबल्यावर हा तुरटपणा अधिक टोचतो. ४ ते ८ वर्षांची बर्बन उन्हाळ्याला पुरेशी आहे.

महाराष्ट्रात अशा मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची आहे आणि परवानाही लागतो, हे नव्या सभासदांनी ध्यानात ठेवावे.

नवखा_बोरिवली

पार्लेकर काका, लेख आवडला. माझे तीन प्रश्न आहेत. जॅक डॅनियल्स ही बर्बन आहे की नाही, याबद्दल आमच्या कंपूत दर शनिवारी वाद होतो, त्याचा निकाल लावावा. दुसरे म्हणजे, वाईन शॉपमध्ये सहसा जिम बीम, जॅक, मेकर्स मार्क आणि वुडफर्ड एवढ्याच बाटल्या दिसतात. त्यांतली एकच घ्यायची असेल तर कोणती घ्यावी? आणि मेकर्स मार्कवरचे ते लाल मेण न सांडता कसे उघडावे?

पार्लेकर

जॅकची गोष्ट अशी आहे की धान्य, पिंप आणि ताकद यांच्या हिशेबाने ती बर्बनच्या चौकटीत बसते, पण पिंपात जाण्याआधी ती शुगर मेपल लाकडाच्या कोळशाच्या थरातून गाळली जाते आणि कंपनी तिला टेनेसी व्हिस्की म्हणूनच विकते. टेनेसी राज्याने २०१३ साली तसा कायदाही केला आहे. त्या गाळणीमुळे कच्ची धार बोथट होते, म्हणून कोला किंवा जिंजर एलबरोबर ती सहज जुळते. लिंबाच्या पेयात मात्र मला ती थोडी नमती वाटते. तुमच्या कंपूतल्या दोन्ही बाजू अर्ध्या बरोबर आहेत, त्यामुळे वाद चालू ठेवायला हरकत नाही.

एकच बाटली घ्यायची तर मेकर्स मार्क घ्यावी. ती नुसतीही चालते आणि ४५ टक्क्यांची असल्याने बर्फापुढे उभीही राहते. वुडफर्ड आपल्या बाजूच्या देशांत बहुधा ४३.२ टक्क्यांची येते. ती प्यायला उत्तम आहे, पण तिच्यात लिंबू पिळणे जिवावर येते. जिम बीमची पांढऱ्या लेबलची बाटली स्वस्त पडते आणि सोड्याबरोबर चोख काम करते. तिच्याकडून त्याहून जास्त मागू नये. वाइल्ड टर्की १०१ कुठे दिसली तर सोडू नये, ती ५०.५ टक्क्यांची आहे आणि मिसळायला तिच्यासारखी दुसरी नाही. मेणाचे म्हणाल तर त्यात एक पट्टी दिलेली असते. ती धरून ओढावी, सुरी लावू नये.

बर्फाचा_खडा

टक्केवारीचा मुद्दा मान्य आहे, पण त्याआधी बर्फाचे बोलायला हवे होते. मुंबईच्या घरांत मिसळलेले पेय बिघडते ते बर्बनमुळे नाही, बर्फामुळे.

पहिला दोष वासाचा असतो. ज्या फ्रीझरमध्ये सुरमईच्या तुकड्या आणि सोललेली कोळंबी ठेवलेली असते, त्याच फ्रीझरमध्ये उघड्या ट्रेत बर्फ लावला तर दोन दिवसांत तो वास धरतो. झाकणाचा ट्रे घ्यावा, आणि जमलेले खडे लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा झिपच्या पिशवीत काढून ठेवावेत. पाणी गाळून, उकळून, निवल्यावर लावावे, म्हणजे नळाच्या पाण्यातला क्लोरीनचा वासही बराच जातो.

दुसरा दोष आकाराचा असतो. बर्फ पेयाला गार करतो तो मुख्यतः स्वतः वितळून. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ८० कॅलरी उष्णता शोषून घेतो. म्हणजे गारवा हवा असेल तर थोडे पाणी पत्करावेच लागते, प्रश्न फक्त वेगाचा आहे. फ्रीजचे छोटे, मधोमध पोकळ खडे सगळ्या बाजूंनी एकदम सुटतात. पाच सेंटिमीटरचा एक मोठा ठोकळा तेवढ्याच वजनाच्या लहान खड्यांपेक्षा खूप सावकाश वितळतो, कारण त्याचा उघडा पृष्ठभाग कमी असतो. बर्बन नुसती बर्फावर प्यायची असेल तर असा ठोकळा हवा. हलवून गाळायच्या पेयात लहान खडे चालतात, पण ते ओले नसावेत; डब्यातून काढलेला खडा बोटाला चिकटला पाहिजे.

काचेसारखा स्वच्छ बर्फ घरीही होतो. थर्माकोलचा एक छोटा डबा घ्यावा, त्यात पाणी भरून झाकण न लावता फ्रीझरमध्ये ठेवावा. बाजू आणि तळ उष्णतारोधक असल्याने पाणी फक्त वरून खाली गोठत जाते आणि विरघळलेली हवा व क्षार तळाकडे ढकलले जातात. तळाचे पाणी गोठण्याआधी, साधारण १८ ते २४ तासांनी, ठोकळा बाहेर काढावा, पाच-दहा मिनिटे बाहेर राहू द्यावा, नाहीतर तडकतो, आणि मग पावाच्या दातेरी सुरीने त्याला खाच पाडून वरून हलके ठोकावे. खाच सरळ असेल तर तुकडाही सरळ सुटतो.

बाहेरून बर्फ आणणार असाल तर पिशवीबंद खाण्याचाच बर्फ आणावा. मासळीसाठी वापरला जाणारा बर्फ वेगळा ओळखू यावा म्हणून २०१८ साली राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने त्यात निळा रंग घालणे बंधनकारक केले होते. पण रंग नाही म्हणून बर्फ खाण्याचा, असा उलटा निष्कर्ष कोणी काढू नये.

आगळ

मी मूळची मालवणची आहे, सध्या मुलुंडला असते. लिंबाबद्दल कोणी बोलले नाही, म्हणून लिहिते.

इंग्रजी पाककृतींत जे लिंबू असते ते मोठे, जाड सालीचे, पिवळे असते. आपले कागदी लिंबू त्याहून आंबट आणि वासाला तीक्ष्ण असते, म्हणून त्या पाककृतींतले २२ मिलि जसेच्या तसे घातले तर बर्बनचा पत्ताच लागत नाही. व्हिस्की सावरसाठी मी ६० मिलि बर्बन, १५ ते १८ मिलि कागदी लिंबाचा रस आणि २० मिलि साखरेचा समसमान पाक घेते. रस ऐन वेळी काढावा. सकाळी काढून ठेवलेला रस संध्याकाळी कडवट लागतो. लिंबू दाबताना साल पिरगाळू नये, नाहीतर सालीतले तेल उतरते आणि आपल्या लिंबाच्या बाबतीत ते फारच चढते.

पाकाऐवजी मध वापरला तर गोल्ड रश नावाचे पेय होते, जे या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये प्रथम बनले. मध थेट घातला तर गारठ्याने गोळा होऊन तळाशी बसतो. म्हणून दोन भाग मध एक भाग कोमट पाण्यात आधी ढवळून घ्यावा. महाबळेश्वरचा जांभळाचा मध थोडा कडसर आणि गडद असतो, आणि रायच्या तिखट बर्बनबरोबर तो जितका जमतो तितका साधा बाजारी मध जमत नाही.

आता माझ्या नावाला जागते. कोकमाचे दोन प्रकार घरात असतात आणि दोन्हींत गल्लत करू नये. आगळ हा मीठ घातलेला अर्क असतो, तो सोलकढीसाठी. अमृत कोकम हे साखरेचे सरबत असते. बर्बनमध्ये अमृत कोकम घालायचे. ५० मिलि बर्बन, २५ मिलि अमृत कोकम, एक छोटा चमचा लिंबूरस, हे सगळे बर्फासोबत हलवून उंच ग्लासात गाळावे आणि वर ९० मिलि सोडा ओतावा. आगळाचे फक्त दोन-तीन थेंब शेवटी टाकावेत. तेवढ्या मिठाने लाकडाचा कडवटपणा मागे सरतो आणि व्हॅनिला पुढे येतो. भाजलेल्या जिऱ्याची पूड घालण्याचा मोह आवरावा, कारण ती घातली की ते सरबत होते आणि बर्बन फुकट जाते.

कैरीचे पन्हेही चांगले लागते, पण ते बर्बनसाठी वेगळे करावे. कैरी उकडण्याऐवजी थेट आचेवर साल काळी होईपर्यंत भाजावी. तो धुरकट वास जळलेल्या पिंपाच्या वासाशी जुळतो. गूळ घालावा, केशर नको, आणि वेलची नेहमीच्या निम्मी असावी, कारण वेलची सगळ्यांवर कुरघोडी करते. हापूस मात्र कृपा करून व्हिस्कीत घालू नका. त्याच्या रसाने पेय दाट होते, दोघांचाही वास मरतो, आणि हापूसचा भाव काय आहे हे मी सांगायला नको.

गिरणगाव

सर्वांचा आदर राखून विरोध नोंदवतो. आमच्या वडिलांच्या पिढीने परमिट रूममध्ये बसून व्हिस्की, सोडा आणि चकणा एवढ्यावर कित्येक उन्हाळे काढले. त्यांना ना पाक लागला ना मध. चांगल्या दारूत गोड घालणे म्हणजे तिचा अपमान आहे असे मला वाटते. शिवाय बर्बनच का? आपल्याच देशात आज उत्तम सिंगल माल्ट, म्हणजे एकाच भट्टीतली जवाची व्हिस्की, बनते आहे आणि आपण केंटकीच्या मक्याच्या मागे लागलो आहोत.

पार्लेकर

गिरणगावकर, तुमच्या पहिल्या मुद्द्याशी मी निम्मा सहमत आहे. व्हिस्की-सोडा हे उन्हाळ्यातले सर्वांत प्रामाणिक पेय आहे आणि जपानने त्यालाच हायबॉल म्हणून प्रतिष्ठा दिली. फक्त ते नीट करावे: ग्लास आणि सोडा दोन्ही आधीच फ्रीजमध्ये गार केलेले असावेत, बर्फ काठोकाठ भरावा, एक भाग व्हिस्कीला तीन भाग सोडा घ्यावा, सोडा बर्फावर न आपटता कडेने ओतावा आणि चमचा एकदाच खालून वर फिरवावा. गरम सोडा गार बर्फावर ओतला की बुडबुडे तिथल्या तिथे उडून जातात, आणि आपल्याकडे नव्वद टक्के लोक नेमके तेच करतात. हा माझा संताप आहे, आकडेवारी नव्हे.

मात्र गोडाने अपमान होतो हे मला पटत नाही. बर्बन आणि साखरेची जोडी बर्बनच्या जन्मगावचीच आहे. केंटकी डर्बीच्या शर्यतीत, मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी, लोक मिंट ज्यूलेप पितात, आणि १९३८ पासून ते त्या शर्यतीचे अधिकृत पेय आहे. आपल्या मे महिन्यालाही ते साजेसे आहे. पुदिन्याची आठ-दहा पाने ग्लासाच्या तळाशी थोड्या पाकाबरोबर नुसती दाबावीत. खलात वाटल्यासारखी चिरडली तर कडू होतात. स्वच्छ फडक्यात बर्फ गुंडाळून त्यावर बत्त्याने ठोकावे, तो चुरा ग्लासात शिगोशीग भरावा, त्यावर ६० मिलि जोरकस बर्बन ओतावी आणि ग्लासाला बाहेरून दव जमेपर्यंत ढवळावे. वर पुदिन्याचा एक तुरा तळहातावर थोपटून खोवावा, म्हणजे प्रत्येक घोटाला आधी नाकाला वास येतो. इथे चुऱ्यामुळे पाणी भराभर सुटते, म्हणूनच ४० टक्क्यांची बाटली इथे हमखास हरते.

देशी सिंगल माल्टबद्दल तुम्ही बोललात ते बरे केले, कारण ती चर्चा बर्बनपासून तुटलेली नाही. कायद्याने बर्बनला दरवेळी नवे पिंप लागते, त्यामुळे वापरलेली पिंपे स्कॉटलंडला जातात तशी आपल्याकडेही येतात. गोव्याची पॉल जॉन ब्रिलियन्स अशाच पिंपांत मुरते. ती ४६ टक्क्यांची आहे आणि तिच्यातली व्हॅनिला बर्बनकडूनच आलेली आहे. बंगळुरूच्या अमृतने २००४ मध्ये आपली सिंगल माल्ट प्रथम ग्लासगोत विकायला ठेवली. त्यांची फ्यूजन ५० टक्क्यांची आहे आणि तिच्यात पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीच्या, धुराने वाळवलेल्या स्कॉटिश जवाची झाक असते. आपल्या हवेत पिंपातून दरवर्षी दहा टक्क्यांच्या आसपास व्हिस्की उडून जाते, स्कॉटलंडमध्ये हे प्रमाण सुमारे दोन टक्के आहे. म्हणून आपली चार-पाच वर्षांची व्हिस्कीही पोक्त लागते. उन्हाळ्यात चवीने प्यायला मी ब्रिलियन्सला पहिली पसंती देईन. मिसळायला मात्र बर्बनच घेईन, कारण मक्याचा गोडवा लिंबाला जसा सावरून घेतो तसा जव घेत नाही.

अर्धा_पेग

गिरणगावकरांना मी दुजोरा देतो, पण वेगळ्या कारणाने. मला मधुमेह आहे आणि डॉक्टरांनी प्रमाण ठरवून दिले आहे, त्यामुळे पाक-मध बाद. माझ्यासारख्यांसाठी हायबॉलमध्ये लिंबाच्या सालीची चकती पिळून टाकणे एवढेच पुरते.

एक शंका आहे. गेल्या महिन्यात एक ४६ टक्क्यांची माल्ट घेतली. बर्फ टाकल्यावर ती गढूळ झाली. मेहुणे म्हणाले की माल बनावट आहे आणि दुकानदाराशी भांड. भांडलो नाही, पण बाटली तशीच पडून आहे. काय समजावे?

पार्लेकर

बाटली उघडा आणि प्या, अर्थात डॉक्टरांनी सांगितल्या प्रमाणात. व्हिस्कीत तेलकट घटक असतात, ते गारठ्यात किंवा पाणी मिसळल्यावर सुटे होऊन धुके धरतात. बऱ्याच कंपन्या व्हिस्की बाटलीत भरण्यापूर्वी थंड करून गाळतात, म्हणजे हे घडत नाही. पण ४६ टक्के आणि त्यावरच्या बाटल्या अनेकदा तशा गाळलेल्या नसतात, कारण त्या ताकदीला हे घटक विरघळलेले राहतात आणि चवीला अंगही तेच देतात. बर्फाने ताकद उतरली की धुके दिसते. उलट गढूळपणाला मी शुभशकुन मानतो.

बनावटीची भीती निराधार नाही, पण ती ओळखायची जागा वेगळी आहे. झाकणाची पट्टी, त्यावरचा उत्पादन शुल्काचा शिक्का आणि आयात केलेल्या बाटलीवरचे आयातदाराच्या नावाचे लेबल पाहावे, आणि बिल घ्यावे. महागडी रिकामी बाटली भंगारात अखंड देऊ नये. लेबल फाडून किंवा बाटली फोडून द्यावी, कारण बनावट मालाला खरी बाटलीच हवी असते.

कस्टमहाउस

किमतीबद्दल दोन ओळी. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्बनवरचे आयात शुल्क १५० वरून १०० टक्क्यांवर आणले. तेव्हा इतर आयात मद्यांना ही सूट मिळाली नव्हती. पण बाटलीच्या किमतीत राज्याचा कर वेगळा असतो, त्यामुळे शुल्क उतरले म्हणून दुकानातला भाव त्याच प्रमाणात उतरेल अशी अपेक्षा ठेवू नये. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्कमुक्त आणता येते. कोणी येत असेल तर त्यांना इथे सहज मिळणारी बाटली सांगू नका. ५० टक्क्यांची राय व्हिस्की किंवा बॉटल्ड इन बाँड आणायला सांगा, कारण मुंबईत खरी चणचण त्यांचीच आहे.

सांताक्रूझची_सून

मला मिसळण्यात रस नाही, मी एकच लहान पेग घेते आणि तो नुसता. पण या दिवसांत ग्लास नाकाशी नेला की झोंबते, आणि हिवाळ्यात तीच बाटली गुळासारखी लागते. बाटली बिघडली का?

बर्फाचा_खडा

ताई, बाटली ठीक आहे. नुसती प्यायची असते ती सर्वसाधारण तापमानाला, असे जे सांगतात त्यांच्या खोलीत २० अंश असतात, आपल्या खोलीत ३१. उष्णतेने अल्कोहोल जास्त उडते आणि बाकीच्या वासांच्या आधी तेच नाकात शिरते. ग्लासात ओतण्याआधी बाटली फ्रीजमध्ये पंधरा-वीस मिनिटे ठेवावी, फ्रीझरमध्ये नाही. आणि पोटात फुगीर, तोंडाशी अरुंद अशा ग्लासाऐवजी सध्या रुंद तोंडाचा ग्लास घ्यावा. गार पाण्याचा एक चमचा घातला तर ४५ टक्क्यांची धार ४० च्या जवळ येते आणि लाकडाचा वास मोकळा होतो. सोबत साध्या पाण्याचा ग्लास ठेवावा. दारूने गारवा आल्यासारखा वाटला तरी शरीरातले पाणी ती बाहेरच काढते, आणि घामाच्या दिवसांत ते लवकर भोवते.

बाटली खिडकीत किंवा फ्रीजच्या डोक्यावर ठेवू नका. कपाटात उभी ठेवा, आडवी नको, कारण वाइनसारखे इथे बूच भिजत ठेवायचे नसते. जोरकस दारूत ते भुसभुशीत होते. बाटली निम्म्याखाली आली की हवेने चव हळूहळू सपाट होते, तेव्हा ती पावसाळ्यासाठी राखून ठेवण्यापेक्षा आताच संपवलेली बरी, किंवा लहान बाटलीत गच्च भरून ठेवावी.

नवखा_बोरिवली

पुढच्या शनिवारी गच्चीवर आठ जण जमणार आहोत, सगळे पंचविशीच्या पुढचे. मेकर्स मार्कचा एकच खंबा (७५० मिलि) घ्यायचे ठरले आहे. प्रत्येकासाठी वेगळे पेय हलवत बसणे शक्य नाही. आधी करून ठेवता येईल असे काही आहे का? आणि आगळताई, तुमचे कोकम आधी मिसळून ठेवले तर चालेल का?

आगळ

कोकम आणि बर्बन आधी मिसळून ठेवा, लिंबू आणि सोडा ऐन वेळी. लिंबू घालून ठेवलेत तर संध्याकाळपर्यंत चव उतरेल.

पार्लेकर

गच्चीवर लिंबाच्या भानगडीत पडण्यापेक्षा ओल्ड फॅशन्ड करा, म्हणजे बर्बन, साखर आणि बिटर्स (कडवट मसालेदार अर्क) यांचे पेय; त्यात रस नसल्याने ते आधी करून ठेवता येते. साखरेऐवजी काकवी वापरा. कोल्हापूरची चांगली काकवी आता मुंबईतही मिळते आणि बर्बनमधल्या करपवलेल्या साखरेच्या चवीला तिचा खारट-गोड गाभा नेमका भिडतो. ती तेवढ्याच गरम पाण्यात विरघळवून निववून घ्या. आठ जणांसाठी ४८० मिलि बर्बन, ६० मिलि हा काकवीचा पाक, अँगोस्तुरा बिटर्सचे सोळा झटके आणि १४० मिलि गार पाणी, हे सगळे एका स्वच्छ बाटलीत भरून सकाळीच फ्रीजमध्ये ठेवा. पाणी आधीच घातल्याने ते बर्फाकडून घ्यावे लागत नाही, आणि गच्चीवरच्या उकाड्यात बर्फ लवकर विरला तरी पेयाचा तोल फारसा ढळत नाही. फ्रीझरमध्ये मात्र ठेवू नका. नुसती बर्बन तिथे गोठत नाही, पण पाणी घालून ताकद ३२ टक्क्यांवर आली की तिचा रवाळ चिखल व्हायला लागतो.

ओतताना प्रत्येक ग्लासात एक मोठा खडा टाका आणि संत्र्याची साल मिळाली तर वरून पिळा. मे महिन्यात संत्री सहसा मिळत नाहीत, तेव्हा मोसंब्याची साल चालेल. सोबत चकण्याला खारे शेंगदाणे ठेवा, मसाला पापड नको, कांदा-मिरचीने तोंड पोळल्यावर काकवी कोणाला कळणार नाही. बाटलीत २७० मिलि उरेल, म्हणजे साडेचार पेग. परतताना गाडी कोण चालवणार हे ठरल्याशिवाय ते बाहेर काढू नका.

नवखा_बोरिवली

गाडी कोणीच आणणार नाही, सगळे लोकलने येत आहेत. काकवी दादरला कुठे मिळेल?

गिरणगाव

दादर स्टेशनच्या पश्चिमेला कोकणी-घाटी मालाची दुकाने आहेत, त्यांत विचारा. घेताना बाटली तिरकी करून पाहा. खाली साखरेचे दाणे बसलेले असतील तर दुसरी मागा. आणि माझ्यासाठी एक ग्लास काकवीशिवाय ठेवा, मी माझा सोडा घेऊन येतो.